शेलार सरांची डावी बाजू

कामशेतच्या बाजारपेठेत समोरून येणाऱ्या गाडीला कोण किती अदबीनं वाट देतो, यावरून तो शेलार सरांकडं शिकलाय की बाहेरून कुठून तरी शिकून आलाय, हे मी अजूनही ओळखते. सरांचा विद्यार्थी आधी थांबतो. मग बघतो. मग जमलंच तर निघतो. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमतात, पण निम्म्या गावाच्या अंगात ते थांबणं भिनलेलं आहे, त्याला आता इलाज नाही.

"गाडी पळवायला कुणीही शिकवेल," सर म्हणायचे. "थांबवायला शिकायचं असेल तर या माझ्याकडं."

उंच, काटक माणूस. कायम फिकट रंगाचा सफारी आणि त्याच्या वरच्या खिशात घडी घातलेलं पिवळं फडकं. आयुष्यभर डावीकडच्या सीटवर बसून, शिकवायच्या गाडीतल्या त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून दिवस काढल्यामुळं त्यांचा उजवा पाय कुठंही बसले तरी स्वस्थ नसे. लग्नाला दुसऱ्याच्या गाडीतून निघाले तरी पाय जमिनीवर दाबलेला. एसटीत खिडकीशी बसले तरी तेच. लोणावळ्याला जाऊन आले की सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांच्या पोटरीला तेल चोळून द्यायच्या. "एसटी काय हे चालवत होते?" असं मला विचारायच्या. चालतानासुद्धा वळायचं असलं की सर हात बाहेर काढून दाखवायचे. मागून कुणी येत नसलं तरी.

मी त्यांच्याकडं गाडी शिकले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. शाळेत पोरांवर ओरडणारी बाई स्टिअरिंगला हात लावला की रडकुंडीला यायची. एकदा बाजारात तांदळाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या टेम्पोला माझी गाडी अगदी ओझरती लागली. लागली म्हणजे काय, नुसता कुर्र असा आवाज झाला. टेम्पो आधीच इतका ठिकठिकाणी चेपलेला होता की त्यात माझी भर शोधूनही सापडली नसती. मी पुढं निघणार तेवढ्यात सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला.

"लागलं की थांबायचं," ते म्हणाले. "उतरायचं. तोंड दाखवायचं."

"सर, त्याला काही झालेलं नाही."

"त्याला काय झालं ते नंतर बघू. तुम्ही उतरा, बाई."

टेम्पोवाला आत दुकानात पोती मोजून घेत होता. आम्ही उन्हात उभे राहिलो. तो बाहेर आला तेव्हा मी शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून म्हटलं, "तुमच्या गाडीला माझ्याकडून लागलं." तो बिचारा असा गोंधळला की गाडीकडं बघायचं सोडून आम्हाला चहा पाजायला घेऊन गेला. चहा पिताना सर म्हणाले, "झालं की नाही हलकं?" खरंच झालं होतं.

त्यांची ही शिकवण पुढं त्यांच्या निवृत्तीचा उद्योग झाली. ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिलं आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांचा एक नवाच दवाखाना सुरू झाला. कुणाच्या गाडीला खरचटलं, कुणाच्या दारावर दुसऱ्याचा रंग लागला, की माणूस गॅरेजला जायच्या आधी सरांकडं यायचा. सर आधी ती जागा साबणाच्या पाण्यानं धुवायला लावायचे, कारण धुळीवर घासलं तर धूळच ओरखडे पाडते. मग नख फिरवून बघायचे. नख अडकलं तर म्हणायचे, "आपला रंग गेलाय, पेंटरकडं जा." नख सरकलं तर, "आपला शाबूत आहे, दुसऱ्याचा वर बसलाय. काढू." मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यावर टर्पेंटाइनचे दोन थेंब, आणि बोटाच्या पोटानं हलकं हलकं घासणं. मग रबिंग कंपाउंड, तेही एकाच दिशेनं. मग पॉलिश. वेळ लागायचा. मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे.

निघालेला रंग फडक्यावर बघून गाडी कुठं लागली ते ते सांगायचे. आमच्या वरच्या मजल्यावरचा नवा लग्न झालेला मुलगा एकदा सासऱ्यांची गाडी घेऊन पवनेकडं फिरायला गेला. येताना दारावर लांबच लांब पट्टा. बायकोला त्यानं सांगितलं होतं की धरणाजवळ लावलेली असताना कुणी तरी ठोकून पळालं. सरांनी घासून फडकं त्याच्यापुढं धरलं. त्यावर पिवळं होतं आणि काळं होतं.

"पुलाखालचा खांब तिथवर आला होता का रे तुला ठोकायला?"

मुलगा लाल झाला. पण सरांनी ते ना त्याच्या बायकोला सांगितलं, ना सासऱ्यांना. मला सांगितलं ते बऱ्याच वर्षांनी, आणि तेही नाव न घेता. मला कळलं ही गोष्ट वेगळी.

सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा त्यांनी स्वतः दोरी धरून मारून घेतल्या होत्या. प्रत्येकाला जागा एक, तीही राहणाऱ्याच्याच गाडीला. कामाला येणाऱ्यांच्या गाड्या बाहेर भिंतीलगत लावायच्या, हा नियम त्यांनीच मांडला. "आत वळायला जागा नाही. शिस्त म्हणजे शिस्त," असं म्हणाले. त्यात त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्हा कुणाच्याच मनात नव्हतं. म्हणून तर नियम पटकन मंजूर झाला.

या नियमानं ज्यांच्या गाड्या बाहेर राहिल्या त्यांतली एक सविताची. सविता जवळच्या बेडसे गावची. माझ्याकडं आणि आणखी काही घरी पोळ्या करते. आधी ती रस्त्यापर्यंत चालत यायची आणि मिळेल त्या जीपला लटकून कामशेतला पोचायची. मग तिनं जुनी निळी स्कूटर घेतली, आणि ती तिला सरांनी शिकवली. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, सकाळच्या उन्हात, सर स्वतः स्कूटरमागं पळत होते. "आरशात बघ! आरसा केस विंचरायला नाही दिलेला!" असा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. सविता हसून हसून पडायची आणि मग खरंच पडायची. पण शिकली. गावातल्या बायकांत ती पहिली. तिच्या लेखी सर म्हणजे देवाच्या खालोखाल होते.

आता त्या डाव्या बाजूचं सांगते.

सरांच्या पांढऱ्या गाडीची डावी बाजू गेल्या पावसाळ्यापासून बदलायला लागली. आधी पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर गेटचा हिरवा रंग दिसला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. मग मागच्या दारावर खालच्या अंगाला विटकरी रंग. तोही नाहीसा झाला. दुपारी सोसायटी जेवून आडवी झाली की सर खाली जायचे, गाडी डावी बाजू भिंतीकडं येईल अशी उलटी लावायचे आणि भिंत आणि गाडी यांच्या मधल्या फटीत बसून घासायचे. मला माझ्या गॅलरीतून त्यांचं फक्त डोकं दिसायचं. एरवी जो माणूस दुसऱ्यांच्या गाड्या सगळ्यांदेखत घासायचा, तो स्वतःची अशी लपून घासतोय हे बघताना मला कसंतरीच व्हायचं. कुणी कपडे बदलत असताना चुकून दार उघडावं तसं. मी आत यायचे.

काकूंनीच एकदा तांदूळ निवडता निवडता सांगून टाकलं. डाव्या डोळ्यात काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून बजावलंय.

"मुलाला सांगितलं का?"

"शपथ घातलीय मला. मुलगा किल्ली घेऊन जाईल म्हणून." काकूंनी सूप हलवलं. "मला म्हणाले, किल्ली गेली की मी कोण उरतो सांग. आता याला काय उत्तर द्यायचं?"

मी त्यांच्या सुपातले खडे वेचायला लागले.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी ते पुन्हा त्या फटीत बसलेले दिसले. या वेळी खूप वेळ होते. हात जोरजोरात चालला होता, त्यांनी कुणाला कधी चालवू दिला नसता इतका. मी नेहमीप्रमाणं आत आले. थोड्या वेळानं सविता पोळ्या आटोपून गेली आणि गेली तशी परत आली.

"ताई, खाली चला की जरा. माझ्या गाडीला कुनी तरी पाडून गेलंय."

स्कूटर भिंतीलगत आडवी होती. आरसा फुटलेला, आणि पुढून मागपर्यंत निळ्यावर पांढरा पट्टा. आम्ही दोघींनी ती उभी केली. सविताच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत होती स्वतःवर. "मीच वाकडी लावली आसंल. सर किती येळा सांगत्यात, भिंतीला चिकटून लाव म्हनून. आता त्यांनाच दावते. त्ये काढत्याल."

ती स्कूटर ढकलत गेटमधून आत निघालीसुद्धा होती.

सर फटीतून बाहेर येत होते. हातात फडकं. त्यांनी सविताला बघितलं, स्कूटरला बघितलं, आणि फडकं मुठीत धरलं. मुठीबाहेर त्याचं एक टोक राहिलं होतं. ते निळं झालं होतं.

"सर, बगा ना," सविता म्हणाली. "कुनी तरी घासून गेलं. थांबलं बी न्हाई. निगंल का वो ह्ये?"

सर खाली बसले. पट्ट्यावरून नख फिरवलं. नख सरकलं.

"निघेल," ते म्हणाले.

"माझंच चुकलं. मीच वाकडी लावली आसंल."

"नाही," सर म्हणाले. "नीट लावली होतीस."

ती नीट लावली होती हे त्यांना कसं माहीत, हे सविताच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर तिनं दाखवलं नाही. सरांनी फडकं खिशात कोंबलं, दुसरं घेतलं, आणि स्कूटरवरचा पांढरा रंग काढायला बसले. स्वतःच्या गाडीचा रंग. ते त्या वेळी वर बघत नव्हते आणि मीही त्यांच्याकडं बघत नव्हते. सविता मात्र बोलत होती. तुमचे लय उपकार, सर, तुमच्यावानी मानूस न्हाई, ज्यानं पाडली त्याला देव बगून घील. सरांचा हात मध्येच थांबायचा आणि पुन्हा चालायचा. पट्टा गेला. सविता त्यांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागं घेतले, पण उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या सोसायटीत त्या दिवशी सगळ्या गाड्या धुऊन पार्किंगमध्ये ओळीनं लावतात आणि सर ताम्हण घेऊन एकेका गाडीची पूजा करतात. हळदकुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू. त्या दिवसापुरत्या कामवाल्यांच्या गाड्याही आत येतात. सगळे आपला हार बॉनेटवर घालतात. सरांच्या गाडीचा हार डाव्या दारावर होता, आरशापासून मागच्या हँडलपर्यंत बांधलेला. आदल्या दिवशी इतकं घासलं होतं की तिथला त्यांचा स्वतःचाच रंग उडून खालचं राखाडी दिसायला लागलं होतं, हे मला नंतर कळलं.

पूजा करत करत सर सविताच्या स्कूटरपाशी आले. कुंकवात बोट बुडवलं आणि तसेच उभे राहिले. बोटावरचं कुंकू फरशीवर ठिबकलं. मला वाटलं चक्कर येतेय. काकू पुढं सरकल्या.

"सविता," सर म्हणाले, आणि आवाज वर्गात मोठ्यानं वाचायला उभं केलेल्या मुलासारखा चढला. "तुझ्या गाडीला माझ्याकडून लागलं. काल. मला कळलं होतं. मी थांबलो नाही."

मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि ते सगळं इतकं चांगुलपणाचं होतं की ऐकवत नव्हतं. अहो सर, त्यात काय एवढं! या वयात होतंच. सणाच्या दिवशी कशाला मनाला लावून घेताय. पवनेचा खांब ठोकणारा तो मुलगाही हसत म्हणाला, "सर, आता चालवू नका बरं का, आम्ही सोडू तुम्हाला हवं तिथं." एका लहान मुलाची चूक पोटात घालावी तशी सगळ्यांनी सरांची चूक पोटात घातली. सर सगळ्यांकडं बघत होते. त्यांना यातलं काहीच नको होतं.

हसली नाही ती सविता.

"सर, बाकीची घरं उरकून आरशाबिगर घरी गेले मी काल. अंधार पडला व्हता," ती म्हणाली. "मागनं डंपर आला त्यो दिसला न्हाई मला. पार खड्ड्यात घातली गाडी. आन् तुमी माझ्याकडनं पाया पडून घेतलं?"

"सविता, अगं," कुणी तरी म्हणालं, "दसरा आहे."

"आसू द्या दसरा. मला म्हनायचे, लागलं की थांबायचं. आमाला येक आन् तुमाला येक व्हय?" तिनं गेटकडं बोट केलं. "आन् हितं आत येवढी जागा आसून आमच्या गाड्या भाईर रस्त्यावर. आत आसती तर लागली आसती का?"

आता दोघंतिघं तिला गप्प करायला पुढं झाले. मोठ्या माणसाशी असं बोलतात का, वगैरे.

"बोलू दे तिला," सर म्हणाले.

पण सगळे गप्प झाले तशी तीही गप्प झाली. डोळे पुसून म्हणाली, "झालं माझं." सर मान खाली घालून उभे होते. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. स्कूटरला कुंकू लावलं. आपल्या गाडीपाशी गेले, हार सोडला आणि उघडी पडलेली ती राखाडी जागा सगळ्यांना दिसू दिली. त्या गाडीची पूजा त्यांनी केली नाही. संध्याकाळी त्यांचा मुलगा आला तेव्हा त्यांनीच किल्ली त्याच्या हातात दिली.

आरसा त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणून स्वतः बसवून दिला. मग सोसायटीची मीटिंग बोलावली आणि नियम बदलायचा म्हणाले. मी हात वर केला. आणखी एक हात वर आला. बाकीचे म्हणाले, एकीला आत घेतलं की उद्या सगळ्या येतील. सर म्हणाले, बरं, मग माझी जागा आता रिकामीच आहे, ती सविताला देतो. तेव्हा खजिनदार अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, जागा राहणाऱ्याच्याच गाडीला. नियम तुमचाच आहे." सरांनी मान हलवली. मी पुढं काही तरी बोलायला हवं होतं, पण मला घरी जाऊन वह्या तपासायच्या होत्या, निदान मी तसं म्हणाले.

दिवाळीनंतर मुलगा दोघांना आपल्याकडं घेऊन गेला. त्याआधीच्या दिवसांतलं सरांचं एक दर्शन माझ्या मनातून जात नाही.

शाळेतून मी घरी येत होते. गेटबाहेर भिंतीलगत नेहमीच्या जागी सविताची स्कूटर होती आणि तिच्या शेजारी, रस्त्याच्या बाजूनं, सर उभे होते. कडक सफारीत, डोक्यावर ऊन. सविता वर कुणाकडं तरी पोळ्या करत होती. तिचं काम आटपेपर्यंत ते रोज असे उभे राहतात, हे मला वॉचमननं नंतर सांगितलं. त्यानं खुर्ची दिली तर घेतली नाही. सवितानंही त्यांना दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

माझी गाडी वळायला लागली तसा त्यांनी हात वर केला. येणारी गाडी त्यांच्या डाव्या अंगाला होती, म्हणून त्यांना पूर्ण मान वळवून बघावं लागलं. कुणाची गाडी आहे हे त्यांना कळलं असावं. त्यांनी हातानं खूण केली, उजवीकडून घ्या, बरीच जागा सोडून.

मी उजवीकडून घेतली. एरवी काच खाली करून मी दोन शब्द बोलले असते. त्या दिवशी मी काच खाली केली नाही, आणि गाडी पूर्ण आत जाईपर्यंत त्यांनीही हात खाली घेतला नाही.